बटणचे दात

सोमवार, २

परत चावला. ह्या वेळी अंगठ्याच्या बेचक्यात, जिथे कातडी पातळ असते नेमकं तिथे. मुलं झोपलीत म्हणून लिहायला बसलेय, पण पेन धरवत नाहीये. आणि हा मेला पायाशी असा पसरलाय, जसा काही गरीब गाय.

लेकीला दवाखान्यात ठेवून पंधरवडा होत आला. पलंगावरून पाय खाली टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पोटात दोन होती. पाचव्या महिन्यात एक गेलं. जे राहिलंय त्याला सांभाळायचं म्हणून ही सगळी उठाठेव. जाताना तिनं ह्या पिल्लाला, बटणला, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आई, मी बाळाला घेऊन येईन तेव्हा हा घरात पाहिजे हं." मी म्हणाले, "असेल गं बाई, कुठे पळून जाणारे तो?"

हे पिल्लू मीच तिला आणून दिलेलं. ते एक गेलं तेव्हा ती रडायला लागली की थांबायचीच नाही, आणि जो येईल तो म्हणायचा, रडू नकोस, दुसऱ्याला बाधेल. मग ह्यांच्या बस डेपोत एका भंगार गाडीखाली कुत्री व्याली होती, त्यातलं एक मी उचललं, धुऊनपुसून तिच्या मांडीत ठेवलं. रडायची थांबली की! त्याच दिवशी त्यानं तिच्या गाऊनचं बटण गिळलं, म्हणून हे नाव.

मी पाळणाघर चालवते. ह्या दोन खोल्यांत मी इतकी पोरं वाढवली की आता त्यांतली काहीजणं स्वतःची पोरं माझ्याकडे आणून सोडतात. चावरी, ओरबाडणारी, श्वास कोंडून निळी पडणारी, सगळे नमुने बघून झालेत. एक कुत्र्याचं पिल्लू मला ऐकत नाही म्हणजे काय!

बुधवार, ४

आज थोडं जमलं. माझी रीत साधी आहे. रडणाऱ्या तोंडात बिस्किट, चावणाऱ्या तोंडातही बिस्किट. तोंड एकच असतं, ते एका वेळी एकच काम करतं. पोरं ह्यानं मिनिटात गप्प होतात. बटणचंही तेच चाललंय. चावला की मी "नाही हं राजा" म्हणते, फळीवरचा डबा काढते, एक तुकडा देते, की सोडतो. पूर्वी धरून ठेवायचा, आता लगेच सोडतो. सुधारणाच आहे ना ही?

एक मात्र कळत नाही. आधी तो खेळता खेळता चावायचा. हल्ली चांगला झोपेतून उठतो, अंग ताणतो, माझ्यापर्यंत चालत येतो आणि चावतो. मग मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. वाईट वाटत असावं बिचाऱ्याला.

हे म्हणाले, "वाईट? मला तर तो बिल घेऊन उभा राहिलेला वेटर वाटतो."

ह्यांना प्रत्येक गोष्टीची चेष्टाच सुचते.

पोरांच्या खोलीत त्याला सोडत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी लावलीय. पोरांतली मिरची मात्र दिवसभर त्या फळीला नाक लावून उभी असते. अडीच वर्षांची आहे पण नावाप्रमाणे तिखट, कुणाशी पटत नाही. तिथे उभी राहून आमची गंमत बघते, तेवढा वेळ तरी डोक्याला शांती.

शनिवार, ७

आज जावई आले. दवाखान्यातून थेट, डोळे तारवटलेले. चहाचा कप हातात घेतला आणि बटणनं टाचेला धरलं. कप गेला, चहा गेला, मोज्याला भोक पडलं आणि रक्तही आलं. मी धावले, डबा काढला, तुकडा दिला, सोडवला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माणूस भला आहे, ओरडत नाही. टाच धुऊन आले आणि हळूच म्हणाले, "आई, बाळ घरात आल्यावर हा नको. माझ्या ओळखीच्या एकाच्या गोदामात राखणीला कुत्रा हवाय. साखळीनं बांधून ठेवतात, पण दोन वेळा खायला घालतात."

"साखळीनं? दिवसभर?"

"दिवसरात्र. गोदाम आहे ते."

मी म्हणाले, "तिला कळलं तर जीव सोडेल ती." ते म्हणाले, "म्हणूनच तिला आत्ता सांगायचं नाही." मग बरंच गयावया केल्यावर एवढं कबूल केलं की बाळ येईपर्यंत थांबतील. तोवर चावायचा थांबला तर राहील, नाही तर जाईल. अजून दोन महिने आहेत म्हणा. मी भल्याभल्या पोरांना दोन महिन्यांत माणसात आणलंय.

पण लेकीचं काय? ती आल्या आल्या विचारणार, बटण कुठाय. काय सांगू?

सोमवार, ९

त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. टोपलीची कडी चावली, माझी बाही चावली, डॉक्टरांचा पट्टा चावला. ते हसले. म्हणाले, "ह्याला आईपासून फार लवकर तोडलंत. भावंडांत असता तर शिकला असता. पिल्लं एकमेकांना चावतात, पण एकानं जोरात चावलं की दुसरं खेळ टाकून निघून जातं. त्यातून त्यांना कळतं, एवढ्या जोरात चावलं की खेळ संपतो."

"मग मी काय करू आता?"

"तेच करा. चावला की उठा, पाठ फिरवा. बोलू नका, ओरडू नका, हात लावू नका. गप्प बसला की मग करा लाड. चावायला दुसरं काहीतरी द्या, जुनी चिंधी, दोरीचा गुंडा. आणि घरातल्या सगळ्यांनी तसंच वागायचं, नाहीतर उपयोग नाही."

"आणि रडायला लागला तर?"

"रडू द्या."

रडू द्या म्हणे! डिग्री भिंतीला टांगली म्हणजे झालं? त्या डॉक्टरांकडे कुणी कधी आपलं पोर सोडून कामाला गेलंय का? माझ्या दारात आलेलं एकही लेकरू मी रडत ठेवलेलं नाही, आणि ठेवणारही नाही. दोरीचा गुंडा तेवढा आणला. तो बटणनं हुंगला आणि माझं बोट धरलं.

गुरुवार, १२

चावला. चावला. दुपारी परत चावला.

हाताला कडू औषध चोळून बघितलं. चावला, तोंड वाकडं केलं, त्याच हातानं दिलेलं बिस्किट कडू लागलं म्हणून रागावून पुन्हा चावला. ह्यांची विजार गेली. पायपुसणं गेलं. मोरीत कोंडून बघितलं तर असा टाहो फोडला की आतली पोरं पण सुरू झाली, एकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. दार उघडलं आणि उचलून घेतलं. छातीशी धरलं तर हनुवटीला चावला.

काय करू मी ह्याचं? मला रडणं ऐकवत नाही. कुणाचंच नाही. पाय आपोआप तिकडे वळतात. लेक लहान होती तेव्हाही शेजारणी म्हणायच्या, हिच्या घरात पोर आहे की नाही, आवाजच नसतो. कौतुकानं म्हणायच्या.

सोमवार, १६

दवाखान्यातून लेकीचा फोन. रोज ह्याच वेळी करते. पहिला प्रश्न ठरलेला, "बटण कसाय?"

मी म्हणाले, "एकदम शहाणा झालाय तुझा... आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही, पायाला टेबल लागलं."

टेबल कसलं! पोटरीला लोंबकळत होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं डबा उघडतेय, आणि तोंडानं सांगतेय की तो आता चावत नाही, सांगितलं तिथे बसतो, तुझी वाट बघतो. तिसरं तेवढं खरं आहे. दाराशी चप्पल वाजली की कान टवकारतो आणि ती नाही म्हटल्यावर पाय ओढत परत येतो.

ती म्हणाली, "आई, इथे पडून पडून वाईट वाईट विचार येतात गं."

मी लगेच म्हणाले, "छे छे, तसलं काही मनात आणायचं नाही. बटणची गंमत सांगते ऐक." आणि एक गंमत सांगितली. रचलेली. ती हसली. मग म्हणाली, "ठेवते."

 खोटं बोलायला लागलेय मी पोटच्या पोरीशी, आणि ते पण कुत्र्यावरून.

शुक्रवार, २०

आज मी तोंडावर पडले.

दुपारचं दूध ओतत होते. आतून किंकाळी.  फळी पडली, बटण आत गेला, संपलं सगळं, असंच वाटलं. धावले तर बटण आपल्या पोत्यावर ढाराढूर. फळी जागेवर. आत ढोल्या जमिनीवर बसून रडतोय. हा ढोल्या म्हणजे अंगानं भरलेला, स्वभावानं लोणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या दंडावर दातांचा गोल वळ. छोटे छोटे दात. माणसाचे.

मी त्याला उचललं तोवर मिरची शांतपणे चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली होती. डब्याच्या बरोबर समोर उभी राहिली. तळहात पुढे केला.

"चावले," म्हणाली. "बिस्किट दे."

आणि मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अगदी तशीच. अगदी त्याच्यासारखी!

मी तिथेच खाली बसले. ढोल्या मांडीत रडतोय, मिरची हात पसरून उभी आहे, आवाजानं उठून बटणही फळीपाशी आला आणि तोही डब्याकडेच बघायला लागला. दोघांचे डोळे त्या डब्यावर. अडीच वर्षांच्या पोरीला जे चार दिवसांत कळलं ते मला कळलं नाही. मी त्याला चावायला शिकवलं. मीच! रोज, प्रेमानं, "नाही हं राजा" म्हणत. तो बिचारा इमानदारीत काम करत होता आणि मोबदला मागत होता.

ढोल्याची आई न्यायला आली. वळ बघून विचारलं, "कुत्रा चावला का मावशी?" मी खरं सांगितलं, मिरची चावली. तिनं त्याची बाही वळावर ओढली. मग म्हणाली, "कुत्रा असता तर मी समजून घेतलं असतं." सोमवारपासून त्याला पाठवेल असं वाटत नाही.

हे घरी आल्यावर सांगितलं. मला वाटलं आता पोट धरून हसतील. हसले नाहीत. डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, जिथे माझाही हात सहज पोचत नाही.

रविवार, २२

कालपासून डॉक्टरांनी सांगितलं तसं. चावला की उठायचं, पाठ फिरवायची, तोंडातून शब्द नाही.

वाटलं होतं, आता कळलंय म्हटल्यावर सुटेल प्रश्न. कसला सुटतोय! बिस्किट मिळेना म्हटल्यावर त्याला वाटलं, आपलंच काम कमी पडतंय. दुप्पट चावायला लागला. पाठ फिरवली तर पोटरी, पोटरी सोडवून खुर्चीवर उभी राहिले तर खुर्चीचा पाय. मग बसून रडायला लागला. भुंकणं नाही, ते बारीक, लांबलचक, थेट आतड्याला हात घालणारं रडणं.

मी ओट्याची कड धरून भिंतीकडे तोंड करून उभी. भिंतीवर तेलाचा डाग आहे, त्याच्याकडे बघतेय. हे दाराशी येऊन म्हणाले, "घे गं उचलून. बघवत नाही मला."

"त्याचं?"

"तुझं."

उचललं नाही. पण माझे गाल ओले झाले होते हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

मंगळवार, २४

सकाळी आला. माझा हात तोंडात घेतला. दात टेकले. मी उठणार तेवढ्यात त्यानं सोडला. दाबलाच नाही! सोडून जरा विचारात पडल्यासारखा उभा राहिला आणि मग बूड टेकवून बसला. मी इतक्या घाईनं स्टूल ओढून डबा काढला की पडताना वाचले. बसल्याबद्दल दिलं, चावल्याबद्दल नाही. दोरीचा गुंडा पण आज पहिल्यांदा घेतला.

मिरचीलाही तेच. हात पसरला की मी पाठ फिरवते. तिनं फळीला लाथ मारली. ती जास्त अवघड आहे.

ह्यांच्या विजारीवर मात्र बटणचा राग अजून आहे. आणि जावयांच्या टाचेचं काय? वेळ हवा मला. थोडा वेळ मिळाला ना, तर जमेल असं पहिल्यांदाच वाटतंय.

गुरुवार, २६

वेळ नाही मिळाला.

लेक काल बाळंत झाली. मुलगी. फार लवकर आली, काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकात नळी. मी काचेतून पाहिली. माझ्या तळहाताएवढं पाऊल असतं बाळाचं असं म्हणायची सवय आहे मला. हिचं माझ्या अंगठ्याएवढं आहे. डॉक्टर म्हणतात, रोजचा दिवस बघायचा.

व्हरांड्यात जावई म्हणाले, "हिला रविवारी सोडतील, बाळ इथेच राहील. हिला तुमच्याकडेच आणतो. आणि त्याला त्याच दिवशी घेऊन जातो."

मी म्हणाले, "अहो, सुधारतोय तो, खरंच सांगते. बाळ अजून घरी कुठे येतंय? थोडे दिवस द्या."

"आई," ते म्हणाले, "माझ्यात आणखी एका काळजीला जागा नाही."

 त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मीच नीट लावून दिली.

घरी आले तर बटण दाराशी. माझ्यामागे बघितलं, ती आहे का. नव्हती. गेला परत पोत्यावर.

रविवार, २९

लिहायला हवं, नाहीतर झोप नाही लागायची.

दोघं चारच्या सुमारास आले. लेक हळूहळू चालत, हात मोकळे. बाळंतीण घरी येते तेव्हा कुशीत काहीतरी असतं, हिच्या काखेत पाण्याची बाटली होती. मागे जावई, पँटच्या खिशात जड काहीतरी, चालताना खुळखुळत होतं. मी तिकडे बघितलं नाही.

बटणनं तिचा वास घेतला आणि फळीमागे नुसता वेडापिसा झाला. तिनं खाटेवर टेकत म्हटलं, "फळी काढ, आई."

"थांब जरा, आधी त्याला शांत..."

"आई. काढ."

काढली. तो असा सुटला की चटई गोळा झाली. तिच्या गुडघ्यांवर दोन्ही पाय टाकले आणि तिची बोटं तोंडात घेतली. जावई पुढे झाले.  तिला काही माहीत नव्हतं, उठायचं, पाठ फिरवायची, काही नाही. तिनं हात नुसता सोडून दिला होता, कारण ती रडायला लागली होती.

त्यानं बोटं तोंडात धरून ठेवली. दाबली नाहीत. मग सोडली, खाली उतरला आणि बसला. सवयीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिच्या चपलेवर हनुवटी टेकून पडून राहिला.

ती रडतच होती. मोठ्यानं. मी उठले, म्हणाले, "नाही हं राजा, असं रडायचं नाही, बाळाचं दूध..."

"रडू दे ना गं मला!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "त्या वेळी मी रडायला लागले आणि तू हा आणून माझ्या मांडीत ठेवलास. एक आहे ना, त्याच्याकडे बघ, असं सगळे म्हणत राहिलात. मी त्या गेलेल्यासाठी रडलेच नाहीये अजून. आई, दोन होती माझी. दोन होती!"

माझा हात डब्यावर होता. कधी गेला, स्टुलावर कधी चढले, काही आठवत नाही. हात काढून घेतला. खाली उतरले आणि तिच्या पायाशी, बटणच्या बाजूला, जमिनीवर बसले. काही बोलले नाही. फार अवघड गेलं, देवाशपथ सांगते, ओट्याची कड धरण्याहून अवघड.

जावईही खाली बसले. बसताना खिसा खुळखुळला. बटणनं जाऊन खिसा हुंगला, मग त्यांच्या टाचेपाशी गेला. मोज्याला दात लावणार तोच थांबला आणि तिथेच बूड टेकवलं. जावयांनी मोजा चाचपून बघितला. मग खिशातून साखळी काढून पोरांची दप्तरं असतात त्या खुंटीला अडकवली.

लेकीनं नाक पुसत विचारलं, "ती कशाला?"

"फिरायला न्यायला," ते म्हणाले.

मग ती मला म्हणाली, "फोनवर खोटं बोलायचीस ना गं?"

"तुला कसं कळलं?"

"शहाणा झालाय म्हणताना दर वेळी मधेच आई गं करायचीस."

रडता रडता हसली. मग परत रडली. कुणी थांबवलं नाही. थकली तेव्हा आपोआप झोपली. बटण खाटेखाली.

मी कपबशा विसळायला स्वयंपाकघरात आले, नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले. तेलाच्या डागाकडे बघत. दोन होती. ते दुसरंही माझंच नातवंड होतं की. मी त्याचं काय केलं? एक कुत्र्याचं पिल्लू धुऊनपुसून आणलं आणि कामाला लागले. नळ चालूच राहिला.

हे आले. माझं तोंड बघितलं आणि घाबरले. दुसरं काही सुचेना म्हणून वरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला.

"नको," मी म्हणाले.

"मग काय करू गं मी?"

"काही नाही. बसा नुसते."

बसले.